जबड्यातील शिल्लक

इतिहास म्हटला की आपल्याकडे तलवारी, ढाली, तह आणि सनावळ्या एवढंच निघतं. दातांचा इतिहास कुणी लिहीत नाही. वास्तविक राजा लढाईवर वर्षा-दोन वर्षांतून एकदा जायचा. जेवायला रोज दोनदा बसायचा. पानिपतावर कोण कुठे चुकलं यावर आपल्याकडे घरटी दोन मतं आहेत. पण दाढा पडल्यावर सरदार मंडळी सुपारी कशी फोडत, यावर एकही बखर तोंड उघडत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध दहावीला सुटला. पुढे बँकेत चिकटलो आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशांच्या नोंदी करण्यात गेली. याचा परिणाम असा, की इतिहासाचं पुस्तक हाती पडलं तरी मी आधी त्यातला जमाखर्च शोधतो. थोर पुरुष काय बोलले ते त्यांच्या चरित्रकारांना विचारावं. कसे वागले ते खतावणीत पाहावं.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या इस्टेटीच्या हिशेबात मे १७८४ ची अशीच एक नोंद आहे. गुलामांना नऊ दातांबद्दल रोख दिले. रक्कम सहा पौंड दोन शिलिंग, म्हणजे एकशे बावीस शिलिंग. नोंदीत ल मायर नावाच्या फ्रेंच दंतवैद्याचा उल्लेख आहे. हे गृहस्थ त्या काळी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांचे पुढचे दात विकत घेत. भाव एका दाताला दोन गिनी, म्हणजे बेचाळीस शिलिंग. आता आपण भागाकार करू. एकशे बावीस भागिले नऊ, साडेतेरा शिलिंग. बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! गुलामाला ‘नाही’ म्हणायची सोय नसली की दर असा उतरतो. ते दात पुढे कुणाच्या तोंडात बसले ते वहीत नाही. ज्यांच्या तोंडातून निघाले त्यांची नावंही वहीत नाहीत. खर्चाचं कारण मात्र नीट लिहिलं आहे.

वॉशिंग्टनसाहेबांनी १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा स्वतःचा म्हणावा असा एकच दात त्यांच्या तोंडात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती अशी एक दंतकथा आहे. (दंतकथा हा शब्द इथे जितका चपखल बसतो तितकी ती कवळी कधी बसली नाही.) लाकूडबिकूड काही नव्हतं. पाणघोड्याच्या दातातून कोरलेला तळ, त्यात रोवलेले माणसांचे दात, आणि वरची व खालची कवळी एकमेकींपासून दूर ढकलायला स्प्रिंगा. म्हणजे तोंड उघडायला कष्ट नाहीत, मिटलेलं ठेवायला मात्र सतत जोर लावायचा. १७९३ मध्ये दुसऱ्यांदा शपथ घेताना त्यांनी जे भाषण केलं ते १३५ शब्दांत आटोपलं. अमेरिकेच्या इतिहासात अध्यक्षाचं इतकं लहान शपथविधीचं भाषण दुसरं नाही. अशा स्प्रिंगा आपल्याकडेही सरकारी खर्चानं वाटायला माझी हरकत नाही.

त्यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड हे निष्णात कारागीर. पण १७९७ मध्ये वॉशिंग्टनसाहेब त्यांना लिहितात की, कवळी टोचते आणि ओठ सुजल्यासारखे पुढे येतात. आता यात ग्रीनवुडचा तरी काय दोष? भिंत सरळ बांधता येते, पण खालची जमीनच रोज खचत असेल तर गवंडी काय करील? दात गेले हे सगळ्यांना दिसत होतं. दातांच्या मागोमाग जबड्याचं हाडही चाललं होतं, ते कुणाला दिसत नव्हतं.

हाड म्हटलं की आपल्याला वाटतं, दगडासारखी वस्तू. एकदा लॉकरमध्ये ठेवली की ठेवली. तसं नाही हो. हाड हे लॉकर नसून चालू खातं आहे. आपल्या शरीरात हाड बांधणाऱ्या पेशी असतात आणि हाड खाणाऱ्याही असतात. दोघींचं काम रात्रंदिवस चालू. इकडे जमा, तिकडे नावे. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. कुठे किती शिल्लक ठेवायची हे ठरतं ते त्या हाडावर किती भार पडतो यावर. बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये यावर एक ग्रंथच लिहिला. अंतराळवीर महिनोन् महिने तरंगत राहिले की त्यांच्या मांडीची हाडं विरळ होतात ती याच कारणानं. भार नाही, तर हाड कशाला?

जबड्याच्या ज्या कंगोऱ्यात दात रोवलेले असतात, तो तर दातांसाठीच असतो. दाताबरोबर येतो, दाताबरोबर जातो. आपण भाकरीचा घास चावला की तो दाब दाताच्या मुळावाटे हाडाला पोचतो. बँकेच्या भाषेत, खात्यावर व्यवहार झाला. दात काढला की व्यवहार बंद. आता आमच्या बँकांत खात्यावर दोन वर्षं व्यवहार नसला तर ते निष्क्रिय ठरतं. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि तिथूनही अर्ज केला तर परत मिळते. जबड्याचं व्यवस्थापन एवढं सहनशील नाही. डेन्मार्कमधल्या मंडळींनी २००३ मध्ये मोजून दाखवलं की, दात काढल्यावर वर्षभरात त्या जागची हाडाची रुंदी सुमारे निम्मी होते. आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. टॅल्ग्रेन नावाच्या संशोधक बाईंनी तर कवळी वापरणाऱ्यांचे जबडे पंचवीस वर्षं मोजले. १९७२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: घट थांबतच नाही, आणि खालचा जबडा वरच्याच्या चौपट झिजतो.

हे मला आकडे वाचण्याआधीच ठाऊक असायला हवं होतं, कारण दर नोव्हेंबरात ते माझ्या काउंटरसमोर उभं राहतं. हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर येतात. आता अंगठा यंत्रावर टेकवला की माणूस जिवंत ठरतो. पण काही मंडळींना जिवंतपणा जातीनं सिद्ध करायला आवडतं. एक आजी येतात. निवृत्त शिक्षिका. पासबुकावरच्या फोटोत हनुवटी अशी करारी, की वर्ग बघूनच गप्प बसावा. समोर उभ्या असलेल्या आजींची हनुवटी मात्र नाकाला भेटायला निघालेली, गाल आत, ओठ गायब. नवीन पोरगा होता शेजारी, तो म्हणाला, “आजी, फोटो तुमचाच ना?”

“माझाच रे बाबा. दात काढले तेव्हापासून चेहरा कुठे गेला कळेना.”

“मग कवळी नाही करून घेतली?”

“आहे की. पिशवीत आहे. तिसरी आहे ही. बसतच नाही मेली. शेंगदाणा शेवटचा कधी चावला आठवत नाही. भाकरी दुधात कुस्करायची आणि गिळायची.”

सही तंतोतंत जुळली. चेहरा जुळला नाही. आमच्या नियमांत सही बदलल्याचा अर्ज आहे, पत्ता बदलल्याचा आहे. जबडा बदलल्याचा नाही.

तेव्हा गेलेली शिल्लक परत कशी आणायची? माणसाच्या खटपटी जुन्या आहेत. होंडुरास देशात १९३१ मध्ये विल्सन पोपिनो यांना माया लोकांच्या काळचा, साधारण इसवी सन ६०० चा, एक खालचा जबडा सापडला. त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे, दातासारखे घासून ठोकलेले. बरीच वर्षं लोकांना वाटलं, मेल्यावर सजवलं असेल. १९७० मध्ये बोब्बिओ नावाच्या ब्राझीलच्या दंतवैद्यानं त्याचे क्ष-किरण फोटो काढले. दोन शिंपल्यांभोवती हाड नीट धरलेलं दिसलं. म्हणजे ते ठोकले तेव्हा मालक जिवंत होता. (भूल दिली होती की नाही याचा विचार मी जेवणापूर्वी करत नाही.)

युरोपात दुसरीच तऱ्हा. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली. नेपोलियन हरला हे शाळेत शिकवतात. रणांगणावर पडलेल्या तरुण सैनिकांचे दात उपटून पोत्यांनी गोळा झाले, हे शिकवत नाहीत. त्या दातांच्या कवळ्या इंग्लंडातल्या श्रीमंतांनी घातल्या, आणि पुढे अशा दातांना ‘वॉटर्लूचे दात’ असंच नाव पडलं. पण हे सारे हिरडीवर ठेवायचे दात. खालचं हाड आपलं खचतच होतं.

हाडाचीच भर घालण्याची पहिली गाजलेली हकीकत आहे ती कुत्र्याची. ॲमस्टरडॅमचे शल्यवैद्य योब व्हान मेकेरेन यांच्या १६६८ च्या पुस्तकात ती आहे. रशियातल्या एका लढवय्याच्या कवटीला भोक पडलं होतं. वैद्यानं कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवून ते बुजवलं. जखम उत्तम भरली. पण चर्चला कळलं, आणि चर्चनं त्याला बहिष्कृत केलं. माणसाच्या डोक्यात कुत्रा म्हणजे काय! बिचारा वैद्याकडे परत गेला, म्हणाला, काढा ते. वैद्य म्हणाला, आता निघत नाही, एकजीव झालं. धर्माची अडचण अशी, की तिला बरं झालेलं चालत नाही.

इथे पुण्याचं नाव घ्यायला मला अधिकृत कारण आहे, नाहीतर पुणेकर स्वतःच घेतील. १७९३ च्या सुमाराची गोष्ट. इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो नाकावाचून हिंडला. मग पुण्याजवळच्या वीटभट्टीवाल्या जातीच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं, आणि क्रुसो व फिंडले या मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते शेजारी उभं राहून पाहिलं. त्या कारागिरानं आधी नाकाच्या बुंध्यावर मेणाची पातळ पट्टी बसवली आणि शोभेलसं नाक घडवलं. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, कडेनं रेघ मारली, आणि तेवढीच कातडी सोडवून खाली वळवली. ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासकट लंडनच्या मासिकात छापून आली आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जननं लंडनात तेच करून दाखवलं. काम कातडीचं होतं, हाडाचं नव्हे. पण आधी त्या माणसाच्या मापाचा साचा करायचा आणि मग अंगाला हात लावायचा, ही आजच्या छापील हाडामागची अर्धी अक्कल त्या मेणाच्या पट्टीत आहे. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. दोन साहेबांची नावं आहेत.

उरलेली अर्धी अक्कल सशाकडून आली. स्वीडनमध्ये लुंड इथे १९५२ मध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे तरुण डॉक्टर हाडातलं रक्त कसं वाहतं ते पाहत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी दुर्बीणवजा डबी बसवली होती. वस्तू महाग. एका सशाचं काम झालं की काढून दुसऱ्याला लावायची असा बेत. (स्टॉक रजिस्टर स्वीडनमध्येही असतं.) पण डबी निघेना! हाडानं ती घट्ट धरली होती. दुसरा एखादा असता तर त्यानं ससा राईट-ऑफ करून नवीन डबीसाठी अर्ज केला असता. ब्रोनेमार्क विचार करत बसले, की निघत नाही हीच तर मोठी गंमत आहे.

१९६५ मध्ये त्यांनी गोथेनबर्गला योस्टा लार्सन नावाच्या चौतिशीतल्या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार खुंट बसवले. लार्सनचा जबडा जन्मापासून सदोष, दात नाहीत, खाण्याबोलण्याची पंचाईत. ते खुंट त्यांना २००६ मध्ये मरेपर्यंत पुरले. चाळीस वर्षांवर! माझ्या छत्रीला दोन पावसाळे पुरत नाहीत.

स्वीडनमधल्या दंतवैद्यांना हे मुळीच रुचलं नाही. ब्रोनेमार्क दंतवैद्य नव्हते, हा पहिला गुन्हा. दुसरा म्हणजे त्यांच्या कामावर रीडर्स डायजेस्टमध्ये लेख आला होता. १९६९ मध्ये एका व्याख्यानानंतर एक बुजुर्ग प्राध्यापक उठून म्हणाले, रीडर्स डायजेस्टमध्ये झळकणाऱ्यांवर आपला विश्वास नाही. हे प्राध्यापक दातकोरण्यांच्या एका छापाची शिफारस करण्याबद्दल प्रसिद्ध होते. ब्रोनेमार्क उत्तरले, दातकोरण्यांच्या खोक्यावर झळकणाऱ्यांवर माझाही नाही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. त्या दिवशी नाकही वाचलं नाही. पुढे १९८२ मध्ये टोरांटोच्या परिषदेत जगभरच्या दंतशाळांनी हे काम पाहिलं आणि खुंटांचं युग सुरू झालं.

पण खुंटी ठोकायची तर भिंत हवी ना? आमचे हेडकॅशियर गेल्या वर्षी मोठ्या उमेदीनं दवाखान्यात गेले. डावीकडच्या खालच्या दोन दाढा त्यांनी आठ वर्षांपूर्वी काढल्या होत्या. डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, “खुंट बसणार नाही. हाड अपुरं आहे.” आयुष्यभर दुसऱ्यांचे चेक ‘अपुरी शिल्लक’ म्हणून परत केलेल्या माणसाला हे ऐकताना काय वाटलं असेल!

“मग आता?”

“भरावं लागेल. तुमच्याच हनुवटीतून किंवा कमरेतून थोडं हाड काढून इथे लावता येतं. नाहीतर प्रक्रिया केलेलं जनावराचं हाड मिळतं.”

“जनावर कुठलं?” हेडकॅशियरांनी विचारलं. रशियन चर्च अजून बंद झालेलं नाही.

स्वतःचं हाड लावणं सगळ्यात चांगलं, हे डॉक्टर अजूनही मान्य करतात. पण ते एका खात्यातून काढून दुसऱ्यात भरणं झालं. कमरेत नवीन दुखणं, आणि लावलेल्या हाडातलंही बरंचसं शरीर पुढे खाऊन टाकतं. शिवाय आणखी एक भानगड आहे, आणि ती समजायला एसटीच्या प्रवासाचा अनुभव लागतो. जबड्यात जागा रिकामी झाली की तिथे दोन प्रवासी घुसू पाहतात. एक हिरडीचं मऊ मांस. ते कॉलेजातल्या पोरासारखं, गाडी थांबायच्या आत खिडकीतून आत. दुसरं हाड; ते धोतर सावरत, पिशवी सांभाळत येणारं. ते पोचेपर्यंत जागा गेलेली असते. मग उपाय काय? जो आपण सगळे करतो तोच. रुमाल टाकायचा!

हा रुमाल गोथेनबर्गच्याच मंडळींनी १९८८ मध्ये टाकला. उंदरांच्या जबड्याला दोन्ही बाजूंना भोकं पाडली, एका बाजूवर, आपल्या तव्याला असतो त्याच जातीच्या टेफ्लॉनचा पडदा घातला, दुसरी उघडी ठेवली. सहा आठवड्यांत पडद्याखालचं भोक हाडानं भरलं. उघड्या बाजूला पोरगं येऊन बसलं होतं.

दरम्यान लॉस एंजेलिसला मार्शल युरिस्ट यांनी, लार्सनचे खुंट बसले त्याच १९६५ मध्ये, आणखी एक नवल छापलं होतं. हाडातले क्षार आम्लात धुऊन काढून उरलेला सांगाडा त्यांनी जनावरांच्या स्नायूत पुरला. स्नायूत, जिथे हाडाचं काही काम नाही, तिथे नवं हाड तयार झालं! हाडातच हाडाला हाक मारणारं काहीतरी प्रथिन असतं, हे त्यातून निघालं. म्हणजे हाड येतं. जागा धरून ठेवा, हाक मारा, रक्त पोचू द्या आणि वाट पाहा. सरकारी कामापेक्षा वेगळं काही नाही.

आता रुमालाला एक मर्यादा असते. एक सीट धरता येते, अख्खा बाक नाही. हाड खूप गेलं असेल, उंचीच गेली असेल, तर मऊ पडदा खाली बसतो. तिथे हवी परांची. इमारतीला बांबूची बांधतात तशी. पण तोंडाच्या मापाची, सूक्ष्म भोकाभोकांची, आणि काम झाल्यावर आपोआप नाहीशी होणारी. ही छापायची विद्या आली कुठून? तर दवाखान्याबाहेरून. आतलं माप घेणारं सीटी यंत्र हाउन्सफील्ड यांनी केलं आणि १९७१ मध्ये लंडनजवळ पहिल्या रुग्णावर वापरलं. ते नोकरीला होते ईएमआय या तबकड्यांच्या कंपनीत. कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा ज्या तबकड्यांवर असायचा, ती हीच मंडळी. कुत्र्याचा आणि हाडाचा संबंध असा मधूनमधून येतच राहतो.

छपाईची कल्पना प्रथम जपानच्या नागोया इथल्या हिदेओ कोदामांनी मांडली. प्रकाशानं घट्ट होणाऱ्या द्रवाचे थरावर थर देऊन वस्तू उभी करायची. त्यांनी १९८० मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९८१ मध्ये लेख छापला. पण वर्षाच्या मुदतीत पुढची कागदपत्रं गेली नाहीत आणि अर्ज बाद झाला. जगातला एक मोठा शोध फॉर्म वेळेवर न भरल्यामुळे हातचा गेला, हे मी काउंटरवर लावणार आहे. अमेरिकेच्या चक हल यांनी १९८३ मध्ये तसाच एक छोटा पेला छापला, डोळे धुवायचा. आणि फॉर्म वेळेवर भरला. १९८६ मध्ये पेटंट त्यांना मिळालं.

मग या साऱ्या गोष्टी एका जबड्यात भेटायला किती वेळ लागणार? जर्मनीत कील इथे वार्नके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं २००४ चं काम प्रसिद्ध आहे. छप्पन वर्षांचा माणूस, कर्करोगात खालचा जबडा गेलेला, आठ-नऊ वर्षं सूप पिऊन काढलेली. रक्त पातळ ठेवण्याचं औषध चालू असल्यानं दुसरीकडचं मोठं हाड काढणं धोक्याचं. त्याच्या सीटी चित्रांवरून संगणकात जबडा आखला, त्या आकाराची टायटॅनियमची जाळीदार टोपली केली, तीत जनावराच्या हाडाचे क्षार, त्याचाच अस्थिमज्जेचा रस आणि युरिस्टच्या घराण्यातलं ते हाक मारणारं प्रथिन भरलं, आणि ती टोपली त्याच्याच पाठीच्या स्नायूत ठेवली. सात आठवडे त्या गृहस्थाचा जबडा पाठीवर वाढत होता! पाठीमागे बोलणारे खूप पाहिले, पण हे वेगळं. मग तो काढून तोंडात बसवला. चौथ्या आठवड्यात त्यानं पाव आणि सॉसेज खाल्लं. शास्त्रीय मासिकात छापून आलेलं एवढं एकच जेवण मला माहीत आहे, आणि ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे कुस्करलेली भाकरी आली.

पुढे जून २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये त्र्याऐंशी वर्षांच्या एका बाईंना टायटॅनियमच्या भुकटीतून लेसरनं छापलेला अख्खा खालचा जबडा बसवला. वजन १०७ ग्रॅम. दुसऱ्याच दिवशी बाई बोलू-गिळू लागल्या. पण तो धातूचा जबडा. तो आयुष्यभर धातूच राहणार. परांचीचं तसं नाही. ती छापतात कॅल्शियम फॉस्फेटची, म्हणजे हाडात असतो त्याच जातीच्या क्षाराची, किंवा हळूहळू विरघळणाऱ्या प्लास्टिकची. आधी जबड्याचा स्कॅन. संगणकात खड्डा किती ते मोजायचं, आणि खड्ड्याला बरोबर बसेल असा तुकडा आखायचा, कावसजीच्या मेणासारखा. त्याला आरपार भोकं, केसाच्या जाडीच्या काही पट एवढी. कारण त्या वाटेनं आधी रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांच्यामागून हाड. फार बारीक ठेवली तर वाट बंद, फार मोठी ठेवली तर तुकडा ठिसूळ. बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या कंपनीच्या अशा छापील हाडाला २०२२ मध्ये युरोपची मान्यता मिळाली.

सगळं साधतंच असं मात्र नाही. वर शिवलेली हिरडी ताणली जाऊन उसवली, की आतलं सगळं उघडं पडतं आणि जंतू शिरतात. छापील टायटॅनियमच्या जाळ्यांना हे दुखणं फार. मोठ्या तुकड्याच्या मध्यापर्यंत रक्त पोचायला वेळ लागतो. तंबाखू आणि बेताल साखर तर हाडाच्या शत्रूच. आणि खर्च? आजींच्या पेन्शनचा आकडा मला माहीत आहे, म्हणून तो विषय मी काढत नाही. ज्यांचं हाड सगळ्यात जास्त गेलंय त्यांचीच शिल्लक बाकी सगळीकडेही कमी असते, हे काउंटरच्या या बाजूनं स्पष्ट दिसतं.

हेडकॅशियरांचा खड्डा लहान निघाला. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला छापील परांची नको, साधा रुमाल आणि दाणेदार भर पुरे.

“आणि ही भर पुढे विरघळते म्हणता?”

“बरीचशी. तिच्या जागी तुमचं हाड येतं.”

“म्हणजे पैसे देऊन आणलेली वस्तू राहणार नाही.”

“राहिली तर काम बिघडलं समजा.”

हा व्यवहार कुठल्या खात्यात दाखवायचा यावर हेडकॅशियरांनी दोन दिवस विचार केला. सध्या सहावा महिना चालू आहे. नवं हाड पुरेसं दिसलं की खुंट बसेल, आणि खुंट बसवायला फार उशीर करायचा नाही, कारण नव्या हाडालाही नियम जुनेच. वर चावणारं कुणी नसेल तर तेही निघून जातं. तोवर डावीकडून चावायला बंदी आहे. दुपारी डबा उघडला की ते शेंगदाण्याची चटणी बोटानं उजवीकडे सरकवतात, आणि बाहेर कोण किती वाजता आलं, रांग किती आहे, याकडे मुळीच न बघता, एकेक घास मोजून खातात.